मारुतीरावांचा डावा हात

“सर, ह्यो हात माजा न्हाय.”

मारुतीराव एवढंच बोलले आणि लॅपटॉपपासून मागे सरले. इचलकरंजीत बावीस वर्षं पॉवरलूम चालवलेला माणूस. चालू मागाच्या चाकात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. मालक म्हणत होता, हा मोबाईलवर बोलत होता. मारुतीरावांचं म्हणणं, मोबाईल कुठला? उजवा हात माग बंद करायच्या दांड्यावर होता आणि चाकांवरचं झाकण मालकानेच काढून ठेवलं होतं. सगळं भांडण कुठला हात कुठे होता यावर होतं. आणि मी फिल्ममध्ये नेमका उजवा हात चाकात घातला होता.

माझं काम थोडक्यात सांगतो. कोळशाने चित्र काढायचं, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, चित्र थोडं पुसायचं, थोडं नव्याने काढायचं, परत फोटो. सेकंदाला असे बारा. सलग चालवले की चित्र हलतं. एका प्रसंगाला एकच कागद, त्यामुळे शेवटचं चित्र तेवढं हातात उरतं. काम एकट्याचं. पूर्वी बायको समोर बसायची. हात धर म्हटलं की धरायची, आणि चहा गार होतोय म्हणून करवादायची. ती गेल्यापासून मी आरशासमोर बसतो. डावा हात पुढे केला आणि आरशात बघून काढला. आरशात डाव्याचा उजवा होतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मला तीन आठवडे कळलं नाही, कारण कोल्हापुरातल्या माझ्या खोलीत ते बघून हटकणारं कोणी नव्हतं.

फिल्म करायला सांगितली होती कामगार युनियनच्या चौगुल्यांनी. आठ दिवसांवर कार्यक्रम. हॉलमध्ये मागवाले बसणार, मालकालाही बोलावणं गेलेलं.

“उलटं करा की,” चौगुले म्हणाले. “कॉम्प्युटरवर बटण असतंय न्हवं?”

“हात सुलटा होईल, पण माग उलटा होईल. दांडा दुसऱ्या बाजूला जाईल.”

मागवाल्यांना उलटा माग दाखवणं म्हणजे हसं करून घेणं. शिवाय मालकाला आयतं कोलीत मिळणार, की यांना कुठला हात गेला तेसुद्धा ठाऊक नाही.

प्रसंग नव्याने काढायचा ठरला. मी मारुतीरावांना समोर बसायला या म्हटलं. ते रोज सकाळच्या एसटीने यायचे आणि खुर्चीत बसून डावा हात टेबलावर ठेवायचे.

आता अडचण अशी, की प्रसंग सुरू होतो अख्ख्या हाताने आणि समोर होती तीन बोटं. आमच्या कामात यावर एक उपाय असतो. शेवट आधी काढायचा. तीन बोटांचा हात काढून सुरुवात करायची, एकेक फोटोला बोटं थोडी थोडी वाढवायची, आणि नंतर कॉम्प्युटरवर सगळं मागून पुढे चालवायचं.

बोटं किती लांब होती, मी विचारलं. त्यांनी उजवा हात शेजारी ठेवला.

“ह्याच्यापरमानंच. मधलं जरा वाकडं हुतं. लहानपणी उसाच्या गाडीत चेंगारल्यालं.”

मग मी मधलं बोट वाकडं काढलं. ते खुर्ची जवळ ओढून बघत राहायचे. फारसं बोलणं नव्हतं. एकदा त्यांनी सांगितलं, की कामावर असताना आवाजामुळे बोलता यायचं नाही, आणि आता घरी शांतता आहे तर बोलायला सुचत नाही. मला ते पुरतं पटलं. चार दिवस खोलीत माणूस होतं. काम लवकर संपू नये असं वाटायचं, आणि त्याची लाजही वाटायची.

चौथ्या दिवशी दुपारी नखं काढली आणि हात पुरा झाला. मारुतीराव बराच वेळ कागदाकडे बघत होते.

“हितंच थांबवा की सर.”

मी म्हटलं, ही फिल्म पुढे उलटी चालणार.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले.

मी तो कागद त्यांना देऊ केला. घरी नको, म्हणाले, बारकी पोरगी हात लावून बघत बसंल.

कार्यक्रमाला मालक आला नाही, मॅनेजर आला. फिल्म सुरू झाली. पडद्यावर दांड्यावरचा उजवा हात आला, मग डावा. बोटं जायला लागली तशी पुढच्या रांगेतून मारुतीराव उठले आणि कडेच्या दाराने निघून गेले. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो, मला जाता आलं नाही. दिवे लागल्यावर मॅनेजर म्हणाला, चित्र काय, कुणीबी कसंबी काढंल. तेव्हा मागून एक बाई उठली.

“झाकण आमच्या बी मागावर न्हाय.”

मग दुसरा उठला, तिसरा. हे ऐकायला मारुतीराव हवे होते. मी बाहेर जाऊन बघितलं, ते स्टँडकडे गेले होते.

त्या कारखान्यात आता सगळ्या मागांना झाकणं आहेत. मारुतीरावांबद्दल मालक अजून मोबाईलच म्हणतो. लोक फिल्म छान झाली म्हणतात. माझ्यापुरतं मी एवढं शिकलो, की चित्र खरं उतरलं तर ज्याचं ते असतं, तो माणूस ते शेवटपर्यंत बघत नाही.