दाराशी रचलेल्या पेट्या

बसच्या संकटकाळच्या दाराशी संत्र्याच्या पेट्या मीच रचल्या. विमान आदळलं तर आतली माणसं कशी वाचतील हे पाहण्याचा मला पगार मिळत होता, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बंगलोरला आम्ही विमानाच्या खुर्चीत माणसाएवढा बाहुला पट्ट्यानं बांधायचो आणि खुर्ची आपटून पाहायचो. सौंसरला घरी सुटीवर आलो की वहिनी विचारायच्या, "काय भाऊजी, अजून खुर्च्याच तोडून राह्यले का?" मग मी ओसरीवर सगळ्यांना व्याख्यान द्यायचो. दार कुठं आहे ते आधी पाहा, दारापुढं सामान ठेवू नका. शेजारी चहा संपेपर्यंत ऐकत.

त्या हिवाळ्यात परतीची रेल्वे पांढुर्ण्याहून होती, तिथवर बसनं जायचं होतं. वहिनीही माहेरी जायला सोबत निघाल्या. बंगलोरच्या साहेबांसाठी घरच्या बागेतली संत्री घेतली होती. कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका." टपावर माल दबतो, हे बागवाल्याच्या पोराला कोण सांगणार? मी पेट्या आत घेतल्या आणि मागच्या दाराला टेकवून एकावर एक लावल्या.

शेवटच्या बाकावरून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थे दार हाये ना? तुमीच त सांगता."

"वहिनी, हे माझं काम आहे," मी म्हणालो.

वाटेत एका वळणावर समोर बैलगाडी आली. बस नाल्यात उतरली आणि डाव्या कुशीवर कलंडली. पुढचं दार मातीत गेलं, खिडक्यांना गज. उरलं मागचं दार, आणि त्यापुढं माझी संत्री. पेट्या घसरून वहिनींच्या हातावर आल्या होत्या. बाहेर पडायला धडपडणारी माणसं त्याच पेट्यांवर चढत होती. त्या हटवून दार उघडेपर्यंत वहिनींचं कोपर मोडलं होतं.

दार उघडल्यावर मात्र मी "एकेक या! डोकं सांभाळा!" असा काही ओरडलो की लोकांनी मलाच तारणहार ठरवलं. रेल्वे चुकली होतीच, दोन दिवसांत गावात माझा शाल-नारळ झाला. शेजारचे गुरुजी भाषणात म्हणाले, "इमानवाला माणूस संग होता म्हणून वाचले सारे!" वहिनी पहिल्या रांगेत होत्या, हात प्लास्टरमध्ये. त्यांनी उठून खरं सांगावं असं मला फार वाटत होतं. म्हणजे मला सांगावं लागलं नसतं. त्या उठल्या नाहीत. मी खांद्यावरची शाल सारखी केली.

पुढच्या सुटीत आलो तेव्हा त्या चुलीपुढं होत्या. कोपर सरळ होत नव्हतं. थापलेली भाकर तव्यावर टाकायला त्यांना पुतणीला हाक मारावी लागली. मी शेजारी पाटावर बसलो आणि सुरुवात केली, "वहिनी, वाहन कलंडतं तेव्हा वजनाची दिशा..."

"सीधं बोला ना भाऊजी. भाकर जळून राह्यली."

"दार मी अडवलं, वहिनी. तुमी सांगतलं तरी आयकलं नाई. अन् वरतून शाल घेऊन गप बसलो. तुमचा हात माह्यामुळं गेला. मले माफ करा."