वटारची पहिली विजेची गिटार

"ऐकून तर बघा," असं आमचा गिटारवाला म्हणायचा आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता डोळे मिटून वाजवायला लागायचा. ऐकल्यावर नको म्हणणारा माणूस मला भेटला नाही. माझं दुखणं तेच होतं.

सत्तरच्या दशकात वटार गावात आमचा ख्रिस्ती लग्नांत वाजवणारा बँड होता. त्यात व्हायोलिन माझं. नवरी मांडवात आली की पहिला सूर मी लावायचो. याचं व्हायोलिन ऐकून रडू येतं, असं बायका म्हणायच्या. मला ते फार आवडायचं.

गिटार आणणारा तो गावातलाच, माझ्याच वयाचा, मुंबईत कारकून. तिथल्या हॉटेलात वाजवणारा एक गोव्याचा वादक परदेशी निघाला होता, त्याची विजेची गिटार यानं घेतली. वालीवच्या कारखान्यातल्या मित्राला हाताशी धरून जुन्या रेडिओचा अ‍ॅम्प्लिफायर केला. आमच्या बँडबरोबर वाजवलेल्या पहिल्याच लग्नात म्हाताऱ्यांनी कान झाकले. त्यानं आवाज कमी केला आणि आमचंच हळदीचं गाणं सुरू केलं. तार बोटानं वर ढकलून सूर असा वळवला, की एखादी म्हातारी कापऱ्या आवाजात गातेय असं वाटावं. थोड्या वेळानं कान झाकणाऱ्यांतलीच एक उठून त्याच्याबरोबर गाऊ लागली.

त्या दिवशी माझं व्हायोलिन मलाही ऐकू आलं नाही.

मग लोक आम्हाला 'गिटारवाले' म्हणू लागले. आगाशीपर्यंतची पोरं त्याच्याकडे शिकायला यायची. प्रत्येक नव्या बँडमध्ये गिटार आली आणि प्रत्येक गिटारवाला त्याच्यासारखीच तार ढकलायचा. माझ्या लग्नात मी नवरा, त्यामुळे वाजवलं त्यानंच. माझी बायको लुसी पुढे वर्षभर स्वयंपाक करताना ते वळण गुणगुणायची. माझं काहीच आठवत नाही का, असं मी एकदा विचारलं.

"तुझंही छान असतं," ती म्हणाली.

तो 'ही' मला अजून टोचतो.

माणूस वाईट असता तर सोपं होतं. एकदा बाकावर शेजारी बसून म्हणाला, "तुझ्यासारखा लांब सूर मला धरता येत नाही. तार लगेच मरते, म्हणून ही ओढाताण." टोमणा असेल म्हणून मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. असं सहज बोलणं मला कधी जमलं नसतं, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

ऐंशीच्या दशकात कावीळ झाली आणि आठवड्याभरात तो गेला. दफनाला त्याचे सगळे शिष्य आले होते, पण कबरीपाशी वीज नव्हती. फादरांनी मला वाजवायला सांगितलं. मी प्रार्थनागीत जसंच्या तसं वाजवायचं ठरवलं होतं. शेवटच्या कडव्याला बोट आपोआप सरकलं आणि सूर वळला.

मागे त्याची आई लुसीचा हात धरून उभी होती.

"माझा पोर वाजवतोय," ती म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं नाही. गज ओढत राहिलो.