कोंडाबाईच्या हातांचा शॉट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मिलिंदला तर नाहीच. तुम्हाला का सांगायलोय? तोंडदेखलं कारण सांगता येईल, पण आज खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय.

मी लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. गाव चुडाव्याजवळ, दुकान पूर्णेत. धंद्यात माझं नाव आहे ते एकाच गोष्टीसाठी — माझ्या कॅसेटीत, आता पेनड्राईव्हात म्हणा, भांडण दिसत नाही. लग्न म्हटलं की कुणीतरी रुसतंच. मानपानावरून मामा ताटावरून उठतो, वरमाय तोंड फुगवते. मी ते कापतो, तिथं मेंदीच्या हातांचा शॉट टाकतो, खाली गाणं सोडतो. कापल्याचं कुणाच्या बापाला कळत नाही.

मिलिंद माझा शाळेतला दोस्त, आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. आता कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एकदा दुकानात आला आणि मोबाईलवर एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. अमेरिकेतली एक काळी म्हातारी बोलत होती, गुलामीत जन्मलेली. नुसती खरखर! मला कुठलं इंग्रजी यायला — मिलिंद एकेक वाक्य थांबवून सांगत गेला. तिच्या आईला बाजारात कसं उभं केलं, आई वळून वळून कशी बघत होती. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. मिलिंद म्हणाला, "कुणीतरी मशीन घेऊन हिच्या दारात गेलं, म्हणून ही अजून बोलायलीय. त्यांच्या लोकांनी आवाज जपले, फिल्मा जपल्या. आपल्या म्हाताऱ्या एकेक चालल्या की रे. तू कॅमेरा धर, मी विचारतो."

मी फुकट धरला. हे आवर्जून सांगायलोय — बघा, स्वतःला चांगलं दाखवायची खोड अजून जात नाही.

पण मिलिंद म्हणजे खरंच माणूस! सुट्टी आली की एसटी धरायचा, राणीसावरगाव म्हणू नका, पाथरी म्हणू नका. म्हातारीसमोर खाली बसायचा. ती गप्प झाली तर हाही गप्प. मला म्हणायचा, थांबलेलंसुद्धा घे, तेपण बोलणंच आहे. त्याच्यासारखा धीर मी कुणात पाहिला नाही.

आणि कोंडाबाई. मिलिंदची चुलत आजी. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आंबेडकरी जलशातली गाणी म्हटली, हसली, मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडेच बघून बोलली —

"आमी धर्म घेतला आन् मेलेलं ढोर वडायचं सोडलं. तर आमच्या आडात मेलेलं वासरू टाकलं. कुणी म्हणशील? तुज्या आज्यानं टाकायला लावलं, बाबू. मी तवा नवी नवरी. उन्हाळाभर नदीचं पाणी वाहिलं आमी. तुज्यावर राग न्हाई लेकरा. पर झालं ते सांगावं लागतंय."

आवाज जराही चढला नाही. हात शेंगा सोलतच होते. एवढी हिंमत — माझ्याच कॅमेऱ्यात, माझ्याच तोंडावर!

आमचे आजोबा म्हणजे गावच्या कमानीवरचं नाव. शाळेला जागा दिली त्यांनी. मला खांद्यावर बसवून बाजारला न्यायचे. तेच हे? मिलिंद त्या वेळी पाणी आणायला आत गेला होता. ऐकलं ते फक्त मी.

मी काय केलं, ते तुम्हाला कळलंच असेल. जे लग्नात करतो तेच. ते बोलणं कापलं, तिथं तिच्या हातांचा शॉट टाकला, खाली तिचंच गाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी गंगाखेडला लग्न होतं म्हणून तिच्या मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड पुसलं. धंद्यात पुसतातच. पण दुसरं कोरं कार्ड माझ्या खिशात होतं.

विहारासमोर पडदा लावून फिल्म दाखवली. हातांचा शॉट आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदनं मला मिठी मारली. "काय हात टिपलेस रे!" मला शाल दिली. मी ती घेतली.

कोंडाबाई पुढंच बसली होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "बाबू, माजं आडाचं न्हाई आलं?"

"मशीन बिघडली व्हती, आजी."

"असू दे. पुन्यांदा सांगते की. ये कवाबी, मी घरीच हाय."

तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. तरी तिनं मला दुसरी वेळ दिली. त्या बाईचं मन केवढं मोठं! मी गेलो नाही. तिच्या दारावरून जायला नको म्हणून मळ्याची वाट बदलली. थंडीत ती गेली.

मिलिंदची फिल्म आता कॉलेजात पोरांना दाखवतात. मागच्या महिन्यात कोंडाबाईची नात सुजाता दुकानात आली. "दादा, आजीचं आजून काही हाय का? तुटकंमुटकं असलं तरी चालंल."

मी म्हणालो, "एवढंच व्हतं, ताई."

ती म्हणाली, "तुमच्यामुळं आजीचे हात तरी राहिले," आणि माझ्या पाया पडायला वाकली.

एवढंच नव्हतं. कोंडाबाई आडाचं बोलली होती, माझ्या आज्याचं नाव घेऊन बोलली होती, आणि ते मी कापलं.