लोणच्याच्या बरणीतला नर

जगात अजून कुणीही न नोंदवलेली एक माशी वीस वर्षं माझ्या पडवीत राहत होती आणि मी तिच्यासमोर बसून रोज सकाळी चहा पीत होतो. आज ही गोष्ट मी रंगवून सांगतो. त्या मे महिन्यात मात्र मी आतून नुसता धुमसत होतो.

कणकवलीच्या कॉलेजात आम्ही दोघं प्राणिशास्त्र शिकवतो, मी आणि माझा मित्र. एकाच बाकावर बसून शिकलो. मी फुलपाखरांचे फोटो काढतो, शाळाशाळांतून पडद्यावर दाखवतो आणि टाळ्या घेतो. तो गांधीलमाश्या टाचणीला लावून पेटीत ठेवतो आणि त्याला कुणी साधा चहाही विचारत नाही. ही वाटणी मला फार पसंत होती.

तर हा आमच्याकडे चहाला आला आणि कप तसाच ठेवून भिंतीवर झडप घालून उभा राहिला. मुठीत हिरवीगार, चकचकीत माशी. स्वतःला गुंडाळून गोळी झालेली.

“ही कोणाचीच नाय रे,” तो कुजबुजला. “हिका अजून नावच नाय!”

कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तशी ही कुंभारणीच्या, म्हणजे भिंतीला मातीचं घर बांधणाऱ्या माशीच्या, घरात घालते, म्हणून कोकीळ-गांधीलमाशी. आमच्याकडे कुंभारणींची घरं भरपूर. ती कुणी फोडायची नाहीत असा माझ्या बायकोचा कडक नियम आहे. कुंभारीण राहते त्या घरात पाळणा हलतो म्हणे. आमचे दोन्ही पाळणे हलून, मुलं पुण्याला नोकरीला लागली, तरी नियम कायम.

मित्राला मिळाली होती मादी. “नर व्हयो,” तो म्हणाला. “नराशिवाय वर्णन अर्धा.”

झालं. माझं घर, माझी भिंत, माझी माशी, आणि नाव याचं! रात्रभर कूस बदलली. बायको कसालच्या बाजाराला गेली त्या दिवशी मी सुरी घेतली, विजेच्या मीटरमागचं कुंभारणीचं घर अलगद सोडवलं, एका बरणीत घातलं आणि तोंडाला फडकं बांधलं. आठवडाभरात मातीला भोक पाडून एक हिरवा थेंब बाहेर आला. भिंगाखाली पाहिलं. नर!

मी कुणाला सांगितलं नाही. मीच लिहिणार होतो त्याचं वर्णन. दार लावून बसलो. ‘मोराच्या मानेचा हिरवा, त्यावर उतरत्या उन्हाची तांबूस झाक, पोटाशी गर्भरेशमी जांभळा...’ दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, हे माशीचं नाही, मांडवातल्या वरमाईचं वर्णन चाललंय. मित्राच्या वहीत यातलं काही नसायचं. मिशीचा तिसरा सांधा रुंदीच्या किती पट लांब, पाठीवरचे खड्डे किती दाट, पोटाच्या शेवटच्या कड्यावर दात किती. मीही दात मोजले. एकदा चार भरले, एकदा पाच. चहा घेऊन आल्यावर सहा. तोवर नर बिचारा मरून बरणीच्या तळाशी पडला होता.

इकडे मित्र रोज भर उन्हात कणकवलीहून स्कूटरवर यायचा. माझ्याच पडवीत स्टुलावर चढून, हातात जाळी घेऊन, वाशांकडे बघत उभा. मी कोकम सरबत करून द्यायचो.

“गावलो?”

“नाय रे. पण गावतलो.”

“गावतलो, गावतलो,” मी इतक्या मायेने धीर द्यायचो की माझं मलाच कौतुक वाटायचं.

मग कैऱ्या आल्या. बायको लोणच्याची बरणी शोधत माझ्या कपाटापर्यंत पोचली आणि तिथूनच ओरडली, “अहो! ह्यां काय? कुंभारणीचा घर फोडलात तुमी?” बरणी घेऊन ती थेट पडवीत. “भावजी, बघा तुमच्या मित्राचे पराक्रम! लाज नाय ती नायच, वर माजी बरणी!”

मित्र स्टुलावरून उतरला. बरणी उजेडात धरली. भिंग लावून तळाचा नर नीट पाहिला. मी शिव्या खायला तयार होतो. त्याने मला कडकडून मिठी मारली.

“अरे मेल्या, तुकाच गावलो! माका सांगूक नाय तां? कधी भायर इलो? आज?”

खिशातून त्याने चिठ्ठी काढली, नखाएवढी. टाचणीखाली ती लावतात. गाव, तारीख आणि ज्याला सापडला त्याचं नाव. शंभर वर्षांनी कुणी पेटी उघडली तर तेवढ्यावरच विश्वास ठेवणार. माझं नाव त्याने तिथल्या तिथे लिहून टाकलं. तारखेची जागा मोकळी. मला फक्त मान हलवायची होती.

हलवली नाही. कुठला प्रामाणिकपणा आडवा आला कोण जाणे, पण आपल्या नावाशेजारी खोटी तारीख शंभर वर्षं टोचून राहणार, हे काही मला झेपेना.

“आज नाय,” मी म्हटलं आणि खरी तारीख सांगितली.

त्याने बोटांवर दिवस मोजले. दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून धरली.

“म्हणजे मी स्टुलार होतंय तेवा?”

“होय.”

“आणि तू माका सरबत देत होतंस?”

“होय.”

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मित्राने पेनचं टोपण काढलं.

“शिरा पडो तुझ्या तोंडार,” त्याने शांतपणे शिवी दिली. “सरबतात मीठ पण कमी होता.”

आणि त्याने ती तारीख लिहिली. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, एकही रेघ न हलता. मी भिंगातून पाहिलं. मला सात जन्मांत असं लिहिता येणार नाही.