मोहाखाली ओकलेलं पाणी

फाल्गुन सरता सरता किन्हवलीहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्याला मोह गळू लागतो, आणि त्या पिवळट, रसाळ फुलांच्या सड्यावरून सकाळी जाताना लोक भरभरून श्वास घेतात; मी नाकाला पदर लावते. शाळेतली बाई म्हणून मुलांना या झाडाची थोरवी मी रंगवून सांगते खरी, पण तो गोड, आंबूस गंध मला सोसवत नाही. बिचाऱ्या फुलांनी माझं काय वाकडं केलंय! मला किळस येते ती माझीच, आणि दर फाल्गुनात ती नव्याने येते.

बारा वर्षांपूर्वी अशाच दिवसांत, सुजाताच्या वेळी सातवा महिना चालू असताना, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने मला पेलाभर ग्लुकोजचं पाणी दिलं होतं. ते पिऊन दोन तास बसायचं, मग साखरेसाठी रक्त द्यायचं, आणि उलटी झालीच तर लपवायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, असं तिने बाकावरच्या आम्हा साऱ्याजणींना दोनदा बजावलं होतं. ते कोमट, चिकट पाणी कसंबसं घशाखाली उतरलं, आणि दहा मिनिटांत केंद्रामागच्या मोहाखाली वाकून मी ते सगळं ओकले. खाली गळून सडू लागलेली फुलं, त्यांवर माझं ते गोड पाणी आणि त्यावर क्षणात जमलेल्या माश्या. नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि शहाण्यासारखी बाकावर येऊन बसले.

कारण काय, तर दुसऱ्या दिवशी माझं ओटीभरण होतं. मुरबाडहून नणंदा निघाल्या होत्या, सासूबाईंनी डबे भरभरून लाडू-करंज्या केल्या होत्या, आणि एवढ्या बायकांसमोर आजारी ठरायला माझं मन धजेना. रिपोर्ट अर्थातच चांगला आला. मग काय, दोन जिवांची म्हणून ताटात जे पडलं ते मी चाटूनपुसून खाल्लं. "पोटुशी बाईनं नाय म्हनू नये गो," म्हणत सासूबाई मायेने वाढत राहिल्या. सुजाता जन्मली ती चार किलोंच्या वर. आळीतल्या बायका वजन ऐकून तोंडात बोट घालत, आणि मी, चार पुस्तकं शिकलेली, वर मान करून सांगे की घरच्या खाण्यावर पोसलेलं बाळ आहे. शी! ते आठवलं की आजही घास तोंडात फिरतो.

या वर्षी शाळेच्या परिपाठात सुजाता दोनदा उभ्याउभ्या कोसळली. शहापूरच्या डॉक्टरबाईंनी तिला निजवून, छातीला तारा लावून सावकाश श्वास घ्यायला सांगितलं, मग जरा वेळ उभं करून पुन्हा निजवलं. श्वास घेताना ठोके जरा लगबगीने पडावेत, सोडताना संथ व्हावेत, उभं राहताच हृदयाने स्वतःला सावरावं. पण हा कासरा ज्या नसांच्या हाती असतो, त्या हिच्या बाबतीत सुस्त वाटतात, असं त्या म्हणाल्या. गरोदरपणी आईची साखर वाढलेली असेल तर कधीकधी बाळाच्या या नसांवर परिणाम होतो, खात्रीने मात्र सांगता येत नाही. तुम्हाला होती का?

मी तोंड उघडायच्या आत आमच्या ह्यांनी पिशवीतून माझं बाळंतपणाचं कार्ड काढलं. प्लॅस्टिकमध्ये घालून, जपून ठेवलेलं. "नाय मॅडम, हिचं सगळं नॉर्मल होतं," असं म्हणून त्यांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरबाई ते लिहून घेऊ लागल्या. गप्प बसणं अवघड नव्हतं, बारा वर्षं बसलेच होते. पण पलंगावर पोर तारांत गुंतून पडली होती, आणि माझ्या खोटेपणावर तिची पुढची औषधपाण्याची वाट ठरणार होती.

"तो रिपोर्ट खोटा आहे," मी म्हटलं. "ते पाणी मी ओकून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नाही."

ह्यांनी कार्डावरचं बोट काढून घेतलं. मला साखर होती की नव्हती हे आता कुणालाच कळायचं नाही, कारण ते कळायची वेळ मीच मातीत ओतली होती. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे आधीचं खोडलं, सुजाताला ठाण्याच्या तज्ज्ञांकडे न्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, उद्या उपाशीपोटी या, तुमचीही साखर बघू.

दुसऱ्या सकाळी तसाच पेला, तेच कोमट पाणी. मी ते एका दमात प्याले. सुजाता शेजारी सरकून बसली.

"उलटी आली तर सांग हं, आई," ती म्हणाली. "नाय सांगितलंस तर मी सांगेन."

खिडकीतून ऊन आत येत होतं आणि कुठूनसा मोहाचा वासही. ओकारी पुन्हापुन्हा घशाशी येत होती, मी ती गिळत होते, आणि माझी लेक दोन तास माझ्या तोंडावरून नजर न काढता बसून होती.