वहिनी पुन्हा पाण्यात उतरली

दवाखान्यातली ती शेवटची भेट. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत होते. दादा बाहेर आला, भिंतीला टेकला आणि मी आत गेले. वंदनावहिनीचे डोळे पिवळेजर्द झाले होते. तिनं मला ओळखलं आणि विचारलं ते एवढंच, "ताई, ज्योतीला टँकवर कोण नेऊन राह्यलंय?" मी म्हणाले, "तू बरी हो, मंग तूच ने." दुसऱ्या दिवशी ती गेली. कावीळ उलटली. यकृत द्यायला दादा तयार होता, मीही होते. पण आमच्या तपासण्या व्हायच्या आतच सगळं आटोपलं...

वहिनीचं माहेर जांब समर्थचं. शेतातल्या विहिरीत वडिलांनी तिला पोहायला शिकवलं. कॉलेजला संभाजीनगरला गेली आणि तिथं वॉटरपोलोच्या संघात गोलकीपर झाली. तळाला पाय टेकायचे नाहीत, नुसते पाय मारत छातीपर्यंत पाण्याबाहेर उठायचं आणि बॉल अडवायचा, हे ती मला ओट्याजवळ हात उंच करून दाखवायची आणि पीठ सांडायचं. लग्न होऊन अंबडला आमच्या घरी आली आणि पोहणं सुटलं. कुणी मनाई केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. मूल झालं नाही, त्यासाठीच्या दवाखान्यांत वर्षं गेली.

मग जालन्याच्या पोहण्याच्या टँकवर मुलींच्या वॉटरपोलो संघासाठी बाई हवी होती. तिथल्या सरांनी वहिनीला सहायक कोच म्हणून बोलावलं. आईला ते अजिबात पटलं नाही. "या वयात पाण्यात उतरतीस? लोक काय म्हणतील?" वहिनी एरवी उलट बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "आई, मला दुसरं काय येतं, ते तरी सांगा."

पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. ती शिडी धरून उतरली, पण कडा सोडेना. मला वाटलं, आता वर येईल. तेवढ्यात तिनं मुलींना बॉल फेकायला सांगितलं. पहिले काही सरळ गोलात गेले. मुली फिदीफिदी हसल्या. वहिनीही हसली, धापा टाकत म्हणाली, "थांबा गं, पायांना आठवू द्या." आणि आठवलं त्यांना. त्यानंतर सर काठावरून शिकवायचे आणि वहिनी पाण्यातून.

ज्योती तिची सगळ्यात लाडकी, तिनंच घडवलेली गोलकीपर. ज्योतीचे वडील घनसावंगी ते अंबड काळीपिवळी जीप चालवतात. पोरगी वहिनीसोबत एसटीनं जाईल आणि वहिनीसोबतच परत येईल, एवढ्या बोलीवर त्यांनी तिला पाठवलं होतं. वहिनी आजारी पडली तशी ज्योती घरी बसली.

तेरावं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "ताई, माझी ना न्हाई. पण अंधाराचं पोरीला एकटं कसं येऊ देऊ? बाई होत्या तेव्हा बिलकुल घोर नव्हता. आता तुम्ही येता का रोज?"

मी शिकवते ती शाळा सुटते तोवर टँकवरचा सराव अर्धा झालेला असतो. ज्योती दाराच्या चौकटीला धरून माझ्याकडे पाहत होती. मी चहा संपवून उठले. सरांना फोन केला, तर ते म्हणाले, दुसरी बाई शोधतोय, मिळत नाही. ज्योती अजून घरीच आहे.

टँकच्या पाण्यातल्या औषधानं वहिनीचे केस राठ व्हायचे. ती आली की लगेच न्हायची. म्हणून आई कुरकुरत का होईना, दिवेलागणीला बंब पेटवायला लागली होती. अजून पेटवते. परवा न राहवून मी म्हणाले, "आई, कोणासाठी तापवून राह्यलीस?" तिनं वर पाहिलं नाही. "तापलंय पाणी. तूच धू केस," म्हणाली.

मी धुतले. न्हाऊन बाहेर आले, तर आई बंबात पुन्हा पाणी ओतत होती.