मोटारींचा गठ्ठा करणारी अक्का

काल, रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, माझ्या अक्काला तिच्या मुलानं आदर्श गृहिणी करून टाकलं.

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. शनिवारी दुपारी गेली. वय झालं होतं, झोपेत गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार कार्डाबद्दल आहे.

रवीनं, म्हणजे तिच्या मुलानं, फोनवर पाठवलेलं श्रद्धांजलीचं कार्ड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. समई, फुलं, अक्काचा फोटो. खाली 'प्रेमळ आई, आदर्श गृहिणी'.

मी लगेच त्याला फोन लावला. विचारलं, प्रेसचं काय?

"मावशी, कार्डावर भंगार कसं लिहायचं? आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर जातं ते."

अपार्टमेंट बेंगळुरातल्या चकचकीत व्हाइटफील्डला आहे. तिथं भंगार नसतंच, असा त्याचा समज दिसतो.

तर मग मीच लिहिते.

साठच्या दशकात बेंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगारबाजारात, अक्काच्या यजमानांचं यार्ड होतं. मोडीत निघालेल्या मोटारी तिथं यायच्या. इंजिन, टायर, काचा, गाद्या काढायच्या. उरलेला पत्रा कापून प्रेसमध्ये टाकायचा.

प्रेस म्हणजे वरून उघडी, बैलगाडीएवढी लोखंडी पेटी. लिव्हर ओढलं की आतली एक जाड भिंत पुढं सरकायची आणि अख्ख्या मोटारीच्या पत्र्याचा ट्रंकेएवढा गठ्ठा करायची. गठ्ठे ट्रकमधून भट्टीला जायचे.

यजमान आजारी पडले तशी अक्का पदर खोचून लिव्हरपाशी उभी राहू लागली.

पेटीवर वाकून आधी वास घ्यायची. पेट्रोलचा वास आला तर लिव्हरला हात नाही. आधी टाकी शोधा, मग पुढचं.

माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनं एकदा वर्गात विचारलं, तुझी बहीण काय करते? मी म्हटलं, "शी क्रशेस मोटरकार्स, सिस्टर."

खोटं बोलते म्हणून तासभर बाकावर उभी होते.

मग यजमान गेले. रवी तेव्हा अजून रांगत होता.

अक्काच्या दिरांनी दिवसकार्य होईपर्यंत तरी दम धरला. नंतर म्हणाले, प्रेस विकून टाकू. वहिनींनी आमच्याकडं राहावं, दोन घास आम्हाला जड नाहीत.

ते दोन घास म्हणजे त्यांच्या घरचा दोन वेळचा सगळा स्वयंपाक, हे अक्काला ठाऊक होतं. मलाही.

तेवढ्यात आयुधपूजा आली.

बेंगळुरात त्या दिवशी प्रत्येक मशीनला हळदकुंकू लागतं, हार पडतो. गुजरीत आणखी एक रीत होती. ज्यानं पूजा केली त्यानंच मशीन एकदा चालवून दाखवायचं. मग वर्षभर बाजार ते मशीन त्याचं मानायचा.

दीर नवं पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. हातात हार, मागं गड्याच्या हातात कोहळा.

अक्का कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाले, विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही.

मी बोलणार होते, अक्कानं माझा दंड धरला.

पूजा झाली. आजूबाजूच्या यार्डांतली माणसं जमली होती. यार्डाचा मुकादम खादर. तो शांतपणे म्हणाला, "पूजा करे सो हाथ से चालू करना, सेठ."

सेठनी त्या लिव्हरला जन्मात हात लावलेला नव्हता.

पण त्यांना नुसतं मशीन चालवून भागणार नव्हतं, बाजाराला काहीतरी दाखवायचं होतं. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकवाचं पाणी भरतात आणि दृष्ट जावी म्हणून तो रस्त्यावर फोडतात. दिरांनी तो उचलून थेट प्रेसच्या पेटीत ठेवला.

अक्का म्हणाली, "भावोजी, स्वल्प मागं सरा."

"मला शिकवू नका वहिनी."

ओढलं लिव्हर.

कोहळा पेटीत फुटला आणि आतलं कुंकवाचं पाणी उभंच्या उभं उडालं. धोतर, मिशा, चष्मा, सगळं लालभडक. एक बी भुवईला चिकटून राहिली.

कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळी गुजरी हसायला लागली. मी तर कॉन्व्हेंटचे सगळे संस्कार विसरले.

फक्त अक्का हसली नाही. तिनं भिंत मागं घेतली, मोटर बंद केली. पेटीत उतरून कोहळ्याचा चोथा काढला, फडक्यानं पेटी पुसली. मग वर येऊन मोटर लावली आणि लिव्हर ओढलं.

भिंत सावकाश पुढं गेली. सावकाश मागं आली. पूजा दिरांची असली तरी मशीन नीट चाललं ते अक्काच्या हातून, हे सगळ्या बाजारानं पाहिलं.

खादर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कल से माल लाओ, अक्का का प्रेस चालू है."

विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दीर त्यानंतर यार्डात आले नाहीत. धोतराचं काय झालं ते अक्काच्या जाऊबाईंनी कधी सांगितलं नाही.

अक्कानं पुढं बरीच वर्षं तो प्रेस चालवला. रवी तिथंच ताडपत्रीखाली झोपायचा, तिथंच अभ्यास करायचा. बाजारातल्या माणसांनी त्याला कडेवर खेळवलंय. घरी बसून राहिलेली आई त्यानं बघितलेलीच नाही. मग ही गृहिणी त्यानं आणली कुठून?

गृहिणी असण्यात कमीपणा नाही. पण अक्का ती नव्हती. भाकरी तर तिची कायम करपायची.

तेव्हा रवी, सगळ्यांसमोर सांगते. कार्ड बदल. 'शिवाजीनगरच्या गुजरीत प्रेस चालवला' एवढंच लिही, विशेषणं नकोत. ते अपार्टमेंटच्या ग्रुपवरही जाऊ दे.

बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला लेखी उत्तर हवं. फोन नको. अंगठा तर मुळीच नको.

अक्का, तू निवांत जा.

रवीकडं मी बघते.